दिग्रस–कऱ्हाड, अठ्ठ्याहत्तर मिनिटं

ओट्यावर उपड्या घातलेल्या भांड्यांतली एक वाटी आपणहून घसरली आणि फरशीवर पडून ठणठणत गोल फिरत राहिली. शलाकाची बोटं कीबोर्डवरच थांबली. वाटी पुरती निजेपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला. आतल्या खोलीत तितूनं कूस बदलली, "आजी, अजून एक," असं काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गाढ झोपली.

दुपारचे अडीच वाजले होते. साडेचार वर्षांची तितू झोपली की फार तर चाळीस मिनिटं मिळायची. घरून काम करायची सवलत कंपनीनं शलाकाला दिली होती. सवलत म्हणजे तितू झोपलेली असताना काम करायचं आणि तितू जागी असताना कामाचा विचार करायचा.

समोरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. एक कऱ्हाडहून दिग्रसला जाणाऱ्या विमानांची, दुसरी दिग्रसहून कऱ्हाडला येणाऱ्यांची. पहिली पट्टीच्या काठासारखी सरळ. दुसरी मार्ग सुरू झाल्यापासून, गेले चार महिने, थोडी थोडी वर चढत होती.

'वातायन' नावाच्या लहानशा विमान कंपनीत ती उड्डाणांचं नियोजन करायची. कंपनीकडे नऊ माणसं बसतील अशी, बॅटरीवर उडणारी सात विमानं होती. त्यांचं नाव 'भारद्वाज'. भारद्वाज पक्षी दिसणं शुभ असतं, त्यामुळे शलाकाच्या आईला हे नाव फार पटलेलं. ही विमानं आली आणि ज्या गावांना एसटीचा धड थांबाही नव्हता तिथे धावपट्ट्या झाल्या. कुठे साखर कारखान्याच्या मागे, कुठे कापसाच्या शेताला लागून. दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातलं शलाकाचं माहेर. पुसद, नांदेड, लातूर, सोलापूर करत गाडीनं यायला चौदा तास लागायचे. नकाशावर पट्टी ठेवली तर मात्र अंतर चारशे ब्याऐंशी किलोमीटर, आणि भारद्वाजला ते कापायला लागायची अठ्ठ्याहत्तर मिनिटं.

म्हणजे लागायला हवी होती.

विमान जमिनीवरून चालत नाही, हवेतून चालतं, आणि हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असते. सरकत्या जिन्यावर पोरं उलटी धावतात तेव्हा पावलं तेवढीच टाकतात, पण पोचायला वेळ लागतो. समोरून वारा असला की विमानाचं तसंच होतं. म्हणून शलाका प्रत्येक उड्डाणाच्या वेळेतून वारा वजा करायची. विमानाच्या नाकातला लेझर पुढच्या हवेतल्या धुळीवर उजेड टाकून वारा मोजत जायचा, त्यामुळे वजाबाकी पक्की असायची. वारा काढून टाकला की जाणं आणि येणं सारखंच यायला पाहिजे. जाताना अठ्ठ्याहत्तरच मिनिटं यायची. येताना पहिल्या महिन्यात एकोणऐंशी, मग एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी. या आठवड्यात सत्त्याऐंशी.

ही नऊ मिनिटं मुरत कुठे होती?

एवढं तिला कळलं होतं की विमान मुद्दाम हळू येत होतं. किती उंचीवरून, किती वेगानं जायचं हे आता वैमानिक ठरवत नसत. ते 'वाटाड्या' ठरवायचा, वैमानिक त्याच्यावर नजर ठेवायचा. वाटाड्या म्हणजे विमानातली गणकप्रणाली. प्रत्येक उड्डाणातून ती काहीतरी शिकायची, पण काय शिकली ते सांगायची नाही. शलाकानं नोंदी उकरून काढल्या तेव्हा दिसलं की दिग्रसहून उडाल्यावर पहिल्या चार मिनिटांत विमान जरासं जड चढतं. कधी जरासंच, कधी बरंच. दोन दिवस सारखं नाही. कागदावरचं वजन एक सांगतं, पंखांना लागणारं दुसरंच. मोटर थकली? बॅटरी उतरली? वाटाड्याला काही उलगडा होत नव्हता. गाडीतून ओळखीचा नसलेला आवाज यायला लागला की शहाणा ड्रायव्हर वेग कमी करतो, तसं त्यानं केलं. चार्ज राखून, सावकाश. वजन नुसतं जास्त असतं तर त्यानं हिशेब करून टाकला असता. त्याचा धीर खचत होता तो न कळण्यामुळे.

कंपनीनं बॅटरी बदलली. मोटरी उघडून पाहिल्या. काही फरक नाही.

फोन थरथरला. नेर्लेकर सर, तिचे वरिष्ठ.

"काय ओ मॅडम, घावलं का भूत?"

"नाही सर. वारा नाही, बॅटरी नाही..."

"हे बघा, सरासरी नव्वदच्या वर गेली की मार्ग बंद. बॅटरीचा परवानाच नव्वद मिनिटांचा हाय. महिनाअखेर मला वर कागद द्यायचाय. आणि तो कागद तुम्ही लिहायचा, सही तुमची."

"मी दिग्रसला जाऊन येऊ का? एकदा डोळ्यांनी बघते."

"जावा की. माहेरपण पण हुईल," ते हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या आईंचं येणंजाणं याच मार्गावर ना?"

याच मार्गावर. एक आठवडा आड, सोमवारी, आई नवव्या सीटवर बसून यायची. ती सीट बहुधा रिकामी असायची, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पासावर मिळे. शुक्रवारपर्यंत ती तितूला सांभाळायची. मधल्या आठवड्यात शलाकाचा नवरा यशोधन कारखान्यातली पाळी बदलून घ्यायचा. ही दोन टोकं जुळत होती म्हणून शलाकाची नोकरी होती. मार्ग बंद झाला तर काय, हे आईनं कधीच सांगून टाकलं होतं: "पोट्टीले इकडं ठेव माह्यापाशी." नाहीतर शलाकानं घरी बसायचं. तिसरा रस्ता दोघींनाही सुचला नव्हता.

आतून हाक आली, "आईऽऽ, मी उठले!" चाळीस मिनिटं संपली होती.

*

शुक्रवारी तितूला घेऊन ती दिग्रसला उतरली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं, बरोब्बर.

विमानतळ म्हणजे पत्र्याची एक शेड, एक काटा आणि कमरेएवढी तारेची जाळी. जाळीच्या अलीकडे पोचवायला आलेली माणसं, पलीकडे विमान. काट्यावर डहाकेभाऊ. एवढ्या लहान विमानात प्रत्येक माणूस आणि त्याचं सामान तोलूनच घ्यावं लागतं. बाया काट्यावर चढताना त्यांना दम द्यायच्या, "आकडा मोठ्यानं सांगसान तं पाहा बरं, भाऊ!" आणि डहाकेभाऊ आकडा कागदावर लिहून कागद उलटा ठेवायचे.

शनिवारी शलाकानं वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून पाहिली. काटा ग्रॅमाला चुकत नव्हता.

"म्याडम, काट्यावर संशय घेता का माह्यावर?" डहाकेभाऊंनी विचारलं.

"काट्यावर हो, भाऊ. तुमच्यावर कसा घेईन?"

"घ्या न. माह्या बायकोले तेवढीच सोबत होईन."

घरी आई अंगणात नव्या तुरीची डाळ पाखडत बसली होती. बाबा गेल्यापासून पाच वर्षं ती या घरात एकटीच राहत होती आणि एकटीपुरतं तिला काही करताच येत नसे. डाळ मणानं, मूगवड्या डबा भरून. तितू सुपासमोर उकिडवी बसून उडणारी फोलपटं पकडायला बघत होती. शलाकानं वाटाड्याची गोष्ट सांगितली.

"म्हंजे मशीनले शंका येते?"

"हो. नीट कळलं नाही की ते घाबरतं आणि हळू चालतं."

"मंग तुह्या कमलआत्यावानीच झालं थे. काही दिसलं नाही का तिले जास्तच शंका येते." आईनं सूप झटकलं. "आन तुले? तुले काय वाटून राह्यलं?"

"मला वाटतं काट्यापासून विमानापर्यंत काहीतरी होतंय. शंभर पावलांत."

"शंभर पावलात काय होते वं बाप्पा," आई म्हणाली आणि डाळ डब्यात ओतायला उठली.

सोमवारी सकाळी शलाका दोन तास आधीच जाऊन उभी राहिली. आईचा येण्याचा आठवडा पुढचा होता, त्यामुळे ती नुसती पोचवायला आलेली. शलाकानं वहीत एकेक गोष्ट टिपली. नऊ माणसं काट्यावर चढली. बॅगा तोलल्या, चिठ्ठ्या लागल्या, विमानाच्या पोटात गेल्या. सामानाचं दार लागलं. चाकातली हवा बरोबर. चार्ज पूर्ण. जाळीपाशी नेहमीची गर्दी, निरोप, रडारड. शेवटी तीच उरली. तितूचा हात धरून ती निघाली.

"शले, थांब वं! अशीच चालली काय?"

आईनं पिशवीतून ताटली काढली होती. शलाकानं कुर्त्यावरची ओढणी पसरली. नारळ, खण, हळकुंड, सुपारी, आणि पाच ओंजळी तांदूळ. बाबा गेले त्या वर्षी आईनं शेजारच्या वहिनींना बोलावून लेकीची ओटी भरवली होती, आपण बाजूला ताट धरून उभी राहिली होती. पुढच्या वर्षी म्हणाली, "माही लेक हाय, मीच भरीन. कोनाले काय म्हनाचं थे म्हनो." तेव्हापासून तीच भरायची. आणि बहुतेक त्या एका वर्षाची भरपाई म्हणून, जरा जास्तच.

"आन हे डाळ. दोनच किलो हाय. आन मूगवड्या, जावईबापूले आवडतात म्हनून." तितूच्या फ्रॉकच्या ओच्यात एक मूठ तांदूळ आणि चार बोरं पडली. तितूनं ती देवाचा प्रसाद धरावा तशी धरली.

"येते गं आई."

"ये. पोचली का फोन कर."

विमान सुटलं. चिमटीत मावेल इतकं शेत लहान झालं. शलाकानं वही उघडली आणि निराश होऊन लिहिलं: 'दिग्रस. काटा बरोबर. काट्यानंतर वजनात कोणतीही भर नाही.' वही मिटताना पेन सुटलं, घरंगळलं आणि तिच्या मांडीवरच्या तांदळात रुतलं.

ती पेनाकडे पाहत राहिली.

मग तिनं मान वर केली. समोरच्या सीटवरच्या नव्या नवरीनं पदरात दोन नारळ कवटाळले होते. तिच्या शेजारच्या पन्नाशीतल्या बाईच्या मांडीवर ओटी, ओटीवर संत्र्यांची जाळी. मागे एक कॉलेजातला मुलगा पायात स्टीलचा डबा धरून बसलेला, डब्याला फडकं बांधलेलं. पट्टा कोणाचाच धड लागला नव्हता. सगळ्यांनी तो ओटीच्या वरून कसाबसा ओढून घेतला होता. तिनंही.

"ताई," तिनं पन्नाशीच्या बाईला विचारलं, "हे काट्यावर ठेवलं होतं?"

"हे?" बाईंनी मांडीकडे असं पाहिलं की जणू गुडघे काट्यावर ठेवले होते का असं कोणी विचारलंय. "हे कायले ठेवतीन? हे तं ओटी होय. सामान थे, मागं टाकलं."

शलाका हसायला लागली. इतकी की डोळ्यांत पाणी आलं. दोन तास ती डोळ्यांत तेल घालून उभी होती. सात ओट्या तिच्या नाकासमोरून गेल्या होत्या, आठवी तिच्याच ओढणीत होती, नववी तितूच्या ओच्यात. आणि तिनं वहीत लिहिलं होतं, कोणतीही भर नाही. खोटं लिहिलं नव्हतं. तिला दिसलंच नव्हतं.

"आई, काय झालं?" तितूनं विचारलं.

"काही नाही गं. भूत सापडलं."

"कुठाय?"

"हे काय, माझ्या मांडीवर बसलंय."

तितूनं नारळाच्या शेंडीला हळूच हात लावून पाहिला. त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी मिनिटं लागली.

*

"ओटी काट्यावर ठेवू काय म्याडम?" फोनवर डहाकेभाऊ जवळजवळ ओरडलेच. "लोकं मारतीन मले. आन घरी गेलो तं बायको भाकर देनार नाही. ओटी काय तोलतात का कधी?"

"तुम्हाला माहीत होतं म्हणजे."

"माहीत काय असाचं त्यात? मी सामान तोलतो. थे सामान नोहे."

कोडं सुटल्यावर आकडे आपणहून बोलायला लागले. संक्रांतीच्या आठवड्यात वाटाड्याची शंका सगळ्यात जास्त होती. तेव्हा ओटीबरोबर वाणही असतं. दिवाळीनंतर तसंच. अमावास्येला सगळ्यात कमी. आणि बुधवारी, जेव्हा पवनचक्क्या दुरुस्त करणारे नऊ मेकॅनिक एकत्र यायचे, तेव्हा विमान अठ्ठ्याहत्तर मिनिटांत येऊन उभं. त्या नऊजणांना पोचवायला जाळीपाशी कोणी येत नसे.

जड चढण्यावरून तिनं उलटा हिशेब मांडला. बुधवार सोडला तर एका उड्डाणाला कमीत कमी बावीस किलो, जास्तीत जास्त एकावन्न. सरासरी सदतीस किलो माया, कागदावर न आलेली.

ती खुशीत नेर्लेकर सरांना फोन लावणार होती, तेवढ्यात तिची नजर दुसऱ्या रकान्यावर गेली आणि हात थांबला. भारद्वाजला उडताना किती वजन चालतं याची कमाल मर्यादा असते. नऊ माणसं भरलेली असली की काट्यावरचं वजन त्या मर्यादेच्या पंधरा किलो खाली यायचं. पंधरा. त्यात सदतीस घातले तर?

चार महिने, बुधवार सोडून, नऊ माणसांचं प्रत्येक विमान मर्यादेच्या वर उडत होतं. थोडंसंच. काही झालं नव्हतं. पण उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना धरायला कमी मिळतं, आणि दिग्रसची धावपट्टी आखूड.

"ओटी?" नेर्लेकर सर बराच वेळ हसत होते. "काय बायका ओ या! बरं झालं, सोप्पं हाय. वाटाड्यात कायमचे सदतीस किलो टाका. त्याची शंका फिटली की वेळ येतोय खाली. विषय संपला."

"आणि ज्या दिवशी एकावन्न असतील त्या दिवशी?"

"थोडी तरी जागा राखूनच बनवत्यात की विमान. इतके दिवस उडलंच ना?"

"सर, खरं लिहिलं तर नऊच्या आठ सीटा कराव्या लागतील."

मग सर मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, नववी सीट कुणाची असती, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी काय म्हणत नाय. कागद तुमचा हाय."

फोन ठेवून ती बसून राहिली. पडद्यावर एक रिकामी चौकट होती: 'ज्ञात अतिरिक्त भार'. तिनं त्यात ३७ टाइप केलं. पुसलं. पुन्हा केलं. रेघ लगेच वाकली. सत्त्याऐंशीवरून एकोणऐंशी. मार्ग वाचला, नोकरी वाचली, आई एक आठवडा आड सोमवारी दारात. फक्त एक बटण दाबायचं होतं. तितू टेबलाखाली बसून विमानाचं चित्र काढत होती. तिनं खिडक्या नऊ काढल्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत आजी.

शलाकानं आईला फोन लावला.

"सापडलं का वं तुहं?"

तिनं सगळं सांगितलं. आई आधी हसली, मग चिडली. "म्हंजे आता काचेच्या भिंती लावतीन? लेकीले नुसता हात दाखवाचा? नाहीतर ओटी काट्यावर? शले, तोलली का थे ओटी नाही राहत. सामान होते."

"तेच तर. काट्यावर कोणी ठेवणार नाही, आणि लपवून नेतील ते वेगळंच."

आईकडून भांड्यात काहीतरी ढवळल्याचा आवाज येत होता. "मंग ओटीले कायले तोलता? लेकीले तोला न. विमानात चढता चढता, पायरीपाशी. लेकीले तं तुम्ही तसंबी तोलताच. तिच्या पदरात काय हाय, थे मशीननं नाही इचाराचं."

शलाका उभीच राहिली. पायरीपाशी जमिनीत बसवलेली एक फळी. माणूस तिच्यावरून चालत जाईल, थांबायचंही कारण नाही. वाटाड्याला खरा आकडा मिळेल, त्याची शंका जाईल, आणि ओटी ओटीच राहील. चार महिने बॅटऱ्या बदलणाऱ्या माणसांना जे सुचलं नव्हतं ते आईनं वरण ढवळता ढवळता सांगितलं होतं.

"आई," ती म्हणाली. "फळी बसवली की खरं वजन कळेल. मग नऊ माणसं नेता येणार नाहीत. आठच. नववी सीट तुझी असते."

ढवळण्याचा आवाज थांबला.

"नाहीतर मी एक आकडा टाकून देऊ शकते. कोणाला कळणार नाही. तू येत राहशील."

"त्या विमानात तितू बसते न?"

"हो."

"मंग मले इचारतं कायले?" आई म्हणाली, आणि ढवळणं पुन्हा सुरू झालं.

तिनं चौकटीतला आकडा पुसला. अहवाल दोन दुपारींत लिहून झाला. 'प्रवाशांच्या वजनाचे अंतिम मापन विमानाच्या पायरीशी करावे. यापुढे आठच प्रवासी न्यावेत.' कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर ती खूप वेळ अडली. शेवटी तिनं 'निरोप' एवढंच लिहिलं आणि सही केली.

*

मार्चच्या सुरुवातीलाच दोन्ही गावांत फळ्या बसल्या. डहाकेभाऊंनी फळीला 'पाट' म्हणायला सुरुवात केली आणि कऱ्हाडपर्यंत तेच नाव पोचलं. वाटाड्याला पहिले चार-पाच दिवस विश्वास बसेना. मग एके सकाळी दिग्रसचं विमान एकोणऐंशी मिनिटांत येऊन उतरलं, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मार्ग वाचला. नेर्लेकर सरांनी सीटा आठ केल्या, वरच्यांची बोलणी खाल्ली आणि शलाकाला एका शब्दानंही ऐकवलं नाही. आईचा पास मार्चअखेर संपणार होता. पुढे तिकीट काढून महिन्यातून एकदा. तितूसाठी शलाकानं कृष्णाकाठचं एक पाळणाघर पाहून ठेवलं होतं. तितू तिथे एक दिवस जाऊन आली होती आणि त्याविषयी काहीही बोलायला तयार नव्हती.

शेवटच्या पासावर आईला आणायला शलाका आणि तितू मुद्दाम दिग्रसला गेल्या. तो आठवडा भुर्रकन उडून गेला. शुक्रवारी सकाळी कऱ्हाडच्या शेडमध्ये तिघी उभ्या होत्या.

तितूला पाटाचं भारी वेड लागलं होतं. पाटाशेजारच्या लहानशा पडद्यावर काट्याचं वजन आणि पाटाचं वजन यांतला फरक उमटायचा, आणि तिथल्या ताई तितूला स्टुलावर उभं राहून तो वाचू द्यायच्या. तिला अंक येत होते. सोमवारी दिग्रसला तिनं सगळ्यांचे वाचले होते. शलाकाचा साडेचार. तिचा स्वतःचाही एक चिमुकला आकडा आला होता, तो तिनं येताना विमानभर सांगितला होता.

"शून्य," तितू आता मोठ्यानं वाचत होती. एक वकील गेले. "शून्य." एक बाई लहान मूल कडेवर घेऊन गेल्या. "हेही शून्य."

आईनं तितूचे मुके घेतले, शलाकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलांवर बोटं मोडली. "पोट्टीले रागावू नको पाळनाघराहून आली म्हंजे. आधी खाऊ घाल, मंग बोल."

"हो आई."

"आन तूबी खाय."

"हो गं."

"येतो मी."

ती चालायला लागली. खांद्याला एक पिशवी, तीही काट्यावर तोललेली. दोन्ही हात मोकळे होते, चालता चालता ती ते पदराला पुसत होती. पाटावर तिचं पाऊल पडलं आणि पडदा उजळला.

तितू वाचायला पुढे वाकली, आणि वाचता वाचता थांबली. तिनं पायरी चढणाऱ्या आजीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग शलाकाकडे वळली. शलाकाच्या एका हातात तितूची पाण्याची बाटली होती, दुसऱ्यात स्कूटरची किल्ली.

"आई," तितूनं विचारलं, "आजीची ओटी कोण भरतं?"